दाखल नोंदवहीपासून संगणकापर्यंत: आमच्या वाचनालयाची तीन वर्षं

आमच्या वाचनालयाच्या दाखल नोंदवह्या, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन लिहायच्या वह्या, सात आहेत. पहिलीचं पान उलटायचं तर दोन्ही हात लावावे लागतात, कारण कोपरे पापडासारखे तुटतात. सातवी सध्या चालू आहे. सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या टोकाला हे वाचनालय आहे. मी इथे बावीस वर्षं काम करते. आधी निर्गम सहायक, म्हणजे देवघेवीच्या खिडकीवर होते, आता ग्रंथपाल आहे. साडेअठरा हजार पुस्तकं, सहाशेच्या आसपास सभासद आणि आम्ही चौघं कर्मचारी. गेल्या तीन वर्षांत आम्ही हे सगळं संगणकावर आणलं. त्यात कुठली यंत्रं कामाला आली, कुठे अडलो, कुठे पैसे वाया गेले, ते लिहिते. आजूबाजूच्या वाचनालयांतून मला फोन येतात, तेव्हा एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं.

सुरुवात एका प्रश्नाने झाली. आमचे एक जुने सभासद, निवृत्त शिक्षक, खिडकीशी येऊन म्हणाले, "बाई, आरती प्रभूंचं तुमच्याकडे काय काय आहे ते सगळं काढा बघू." कवितांच्या मांडणीतून दोन पुस्तकं काढली. मग कादंबऱ्यांच्या मांडणीत 'ख' अक्षराखाली गेले आणि आणखी चार आणली, कारण त्यांचं गद्य चिं. त्र्यं. खानोलकर या नावाने आहे. हे मला माहीत होतं म्हणून गुरुजींना सहाही पुस्तकं मिळाली. त्या दिवशी मी रजेवर असते, तर आमच्याच जिल्ह्यातल्या या लेखकाच्या चार कादंबऱ्या आमच्याच कपाटात असूनही त्यांना मिळाल्या नसत्या. दोघी निर्गम सहायक त्या वर्षी नव्या होत्या. वाचनालयाची अर्धी यादी माझ्या डोक्यात आहे आणि मी काही कायमची इथे बसणार नाही, हे त्या दिवशी फार लागलं.

पुढच्याच बैठकीत मी कार्यकारी मंडळापुढे विषय मांडला. अध्यक्षांनी पहिलाच प्रश्न विचारला, "२००९ मध्ये संगणकीकरण झालं होतं ना?" झालं होतं. एका खासगी संगणक क्लासवाल्याने एक्सेलमध्ये साडेसहा हजार पुस्तकांची नावं टंकून दिली होती. फाइल होती, पण उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांची खिचडी दिसायची. टंकताना वापरलेला फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेताचा, नव्हता. त्या काळच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर हे नुसतं चित्र असायचं. आत संगणकाला दिसायची इंग्रजी अक्षरंच. तो फॉन्ट ज्या संगणकावर होता, तो कधीच भंगारात गेला होता. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारा परिवर्तक आम्ही वापरून पाहिला. बरंचसं आलं, पण रफार चुकीच्या अक्षरावर जाऊन बसले आणि पहिल्या वेलांट्या निसटल्या. चार दिवस दुरुस्त्या केल्यावर ठरवलं, की पुस्तक हातात घेऊन नव्यानेच नोंद करायची. ते बरंच झालं. जुन्या यादीत 'आहे' म्हणून लिहिलेली कितीतरी पुस्तकं मांडणीवर नव्हतीच.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं यावर महिनाभर खल झाला. केंद्र सरकारच्या एनआयसी या संगणक-संस्थेचं ई-ग्रंथालय होतं. महाविद्यालयांत चालतं ते इन्फ्लिबनेटचं सोल होतं. काही खासगी कंपन्यांचे प्रतिनिधीही येऊन गेले. आम्ही कोहा घेतलं. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी ते १९९९ मध्ये तयार झालं. त्यांची जुनी प्रणाली सन २००० उजाडल्यावर चालणार नव्हती, आणि नवी विकत घेण्याऐवजी त्यांनी आपली बनवून घेतली आणि सगळ्यांसाठी खुली केली. कोहा हा माओरी शब्द आहे, अर्थ भेट. मला हे फार आवडलं, पण आम्ही ते निवडलं त्याचं कारण वेगळं होतं. परवान्याचे पैसे नाहीत, आणि उद्या दुसरीकडे जायचं ठरवलं तर सगळ्या नोंदी मार्क या ग्रंथनोंदींच्या ठरलेल्या पद्धतीत बाहेर काढता येतात. २००९ च्या फाइलने हात पोळले होते. या खेपेला नोंदी कोणाच्या ताब्यात राहतात, हेच मी सगळ्यांत आधी पाहिलं.

यंत्र म्हणाल तर साधंच. वापरलेला डेस्कटॉप घेतला, त्यात आठ जीबी रॅम, वर डेबियन ही मोफत कार्यप्रणाली. जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांनी दोन रविवार बसून कोहा लावून दिलं. देवघेवीला दुसरा संगणक आणि वाचकांना शोधायला तिसरा, हे दोन्ही देणगीतून आले.

मग बारकोड स्कॅनर. वायरवाला साधा लेझर स्कॅनर आम्ही दीड हजारात घेतला आणि तो अजून चालतो. स्कॅनर म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं: तो संगणकाच्या दृष्टीने कळफलकच आहे. बारकोड वाचतो, अंक टंकतो आणि शेवटी एंटर दाबतो. त्याला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. वाचकांना मोबाइलवर सभासद क्रमांकाचा बारकोड द्यायची कल्पना पुढे निघाली, तेव्हा मात्र हा लेझर हरला. मोबाइलच्या काचेवरचा बारकोड त्याला दिसेना. त्यासाठी कॅमेऱ्यासारखं चित्र टिपणारा टूडी स्कॅनर लागतो. नव्याने घेणाऱ्यांनी थेट तोच घ्यावा.

स्कॅनर कळफलक आहे, याचा एक परिणाम आम्हाला पहिल्याच आठवड्यात भोगावा लागला. आमच्या बारकोडात आकड्यांआधी पी आणि एल ही दोन इंग्रजी अक्षरं होती. सोमवारी सकाळी खिडकीशी सात-आठ माणसं उभी, आणि कुठलंही पुस्तक स्कॅन केलं तरी पडद्यावर 'झथ' उमटतंय आणि पुढे 'असे पुस्तक नाही'. स्कॅनर बिघडला म्हणून वायर काढून लावली, संगणक बंद करून चालू केला. रांग वाढत होती. शेवटी आमच्या निर्गम सहायक मुलीने कोपऱ्यातलं चिन्ह पाहिलं. आदल्या दिवशी कोणीतरी सभासदाचं नाव टंकायला मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक चालू केला होता आणि तसाच ठेवला होता. इन्स्क्रिप्टमध्ये मोठ्या पीच्या कळीवर झ आहे आणि मोठ्या एलच्या कळीवर थ. स्कॅनर बिचारा इमानाने मराठीत टंकत होता. तेव्हापासून देवघेवीच्या संगणकावर फक्त इंग्रजी कळफलक ठेवला आहे, मराठीतलं सगळं टंकलेखन माझ्या टेबलावर होतं. नव्या बारकोडांत अक्षरं टाकलीच नाहीत, नुसता दाखल क्रमांक ठेवला. तुम्ही सुरुवात करत असाल तर हे आधीच करा.

नोंदी भरायच्या कामाला चौदा महिने लागले. नव्या पुस्तकांच्या पाठीवर आयएसबीएन हा पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो. तो स्कॅन केला की दुसऱ्या मोठ्या ग्रंथालयांतून तयार नोंद ओढता येते, अशी सोय कोहात आहे. मराठी पुस्तकांच्या नोंदी मला कुठे सापडाव्यात? अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये. १९६२ पासून तिथल्या दिल्ली कार्यालयाने भारतात छापलेली पुस्तकं अमेरिकी ग्रंथालयांसाठी गोळा केली, त्यांत मराठीही होती. आमच्या कपाटातलं साठच्या दशकातलं एखादं पुस्तक तिथे नोंदलेलं दिसलं की मला भरून यायचं. पण नोंद रोमन लिपीत असते, अक्षरांखाली टिंबं आणि वर आडव्या रेघा. आमचा वाचक तसं शोधणार नाही. म्हणून प्रकाशक, वर्ष, पृष्ठसंख्या तिथून घ्यायची आणि लेखक, शीर्षक देवनागरीत स्वतः टंकायचं, असं आम्ही ठरवलं. आयएसबीएन नसलेली जुनी पुस्तकं तर सगळी हातानेच भरली.

आणि इतकं करून पहिल्यांदा वाचकांच्या संगणकावर 'कोकण' हा शब्द शोधला, तर उत्तर शून्य.

त्या संध्याकाळी मी घरी गेले नाही. तीन हजार नोंदी भरून झालेल्या, त्यातल्या शंभरेक तरी कोकणावरच्या, आणि यंत्र म्हणतंय काही नाही. दुसऱ्या दिवशी महाविद्यालयातले सर आले. कोहामध्ये शोधासाठी झेब्रा नावाची अनुक्रमणी असते. मुळात ती रोमन अक्षरांसाठी मांडलेली, देवनागरी शब्द तिला तोडता येत नाहीत. त्यासाठी आयसीयू नावाची व्यवस्था चालू करावी लागते आणि सगळी अनुक्रमणी नव्याने बांधावी लागते. ते बसवताना आमच्याकडून राहिलं होतं. सरांनी बदल केला, अनुक्रमणी बांधायला लावली, आम्ही चहा घेतला. परत येऊन 'कोकण' टंकलं तर ओळीने पुस्तकं. त्या दिवशी शिपाईकाकांनी आपण होऊन पेढे आणले.

पण देवनागरीचं दुखणं इथे संपत नाही. पुढची अडचण लपलेली होती आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण ती पडद्यावर दिसतच नाही. 'दऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात खाली टिंब असलेला ऱ, मग हलंत, मग या. दुसऱ्यात साधा र, हलंत, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, मग या. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. आमच्या एका मुलीने पहिल्या तऱ्हेने टंकलं होतं, दुसरीने दुसऱ्या. वाचकाने शोधलं की निम्मी पुस्तकं मिळायची, निम्मी नाही, आणि निम्मी राहिली हे त्याला कळायचंही नाही. तसंच 'ॲ' या अक्षराचं. हे एकसंध अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधी अ टंकून वर चंद्र लावायचे आणि अजूनही कितीतरी कळफलकांवर तसंच होतं. ॲटलास शोधणाऱ्या शाळकरी मुलाला काय ठाऊक, आपण कुठला ॲ टंकला?

यावर उपाय सापडला तो मार्कएडिट या मोफत साधनात. सगळ्या नोंदी बाहेर काढल्या, त्यात शोधा-आणि-बदला चालवून प्रत्येक अक्षर एकाच तऱ्हेचं केलं आणि परत आत घातलं. भिंतीवर एक कागद लावला: र कसा टंकायचा, ॲ कसा, आद्याक्षरांनंतर टिंब आणि मग एक जागा मोकळी. 'पु.ल.', 'पु. ल.' आणि 'पुल' अशा तिन्ही तऱ्हा आमच्या नोंदींत निघाल्या होत्या. आता दर महिन्याला ही तपासणी मी स्वतः करते. संगणकीकरणाच्या गप्पांत लोक यंत्रांच्या किमती विचारतात, हे कोणी विचारत नाही. मी सांगते, स्कॅनर उद्या घ्या, पण हा कागद आज लावा.

त्याच सुमारास लेखकांच्या अधिकृत नावांच्या नोंदी केल्या. आरती प्रभू शोधलं की 'चिं. त्र्यं. खानोलकर हेही पाहा' असं येतं आणि तिकडून इकडे. गुरुजींना मुद्दाम बोलावून दाखवलं. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "आता तुम्ही रजा घेतली तरी चालेल."

बारकोडांच्या लेबलांचं प्रकरण थोडक्यात. पहिली लेबलं आम्ही किराणा दुकानात बिल छापतात तशा उष्णतेने काळं होणाऱ्या कागदावर छापली. खिडकीजवळच्या मांडणीवरची एप्रिल-मेमध्ये पुसट झाली आणि उरलेल्यांच्या कडा जुलैत सुटल्या. तीन हजार लेबलं पुन्हा लावावी लागली. आता रिबनवाला थर्मल ट्रान्सफर प्रिंटर आहे. त्याची छपाई उन्हाने जात नाही. खळीने चिकटवणं बंद केलं, कारण खळीवर कसर येते. लेबल मलपृष्ठाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात बाहेरून लावतो. पुस्तक उघडावं लागत नाही, त्याचा फायदा पडताळणीत होतो.

ग्रंथपडताळणीला पूर्वी आम्ही महिनाभर वाचनालय बंद ठेवायचो. एकीने नोंदवही वाचायची, दुसरीने मांडणीवर शोधायचं. गेल्या वर्षी लॅपटॉप आणि स्कॅनर चाकांच्या टेबलावर ठेवून मांडणीमांडणीतून फिरलो. बारकोडांची यादी कोहाला दिली की काय नाही, काय चुकीच्या जागी आहे, ते तो सांगतो. अकरा दिवसांत काम झालं आणि देवघेव एकही दिवस बंद पडली नाही. हरवली असं आम्ही समजत होतो त्यांतली सत्तावीस पुस्तकं बालविभागाच्या मांडणीमागे आडवी पडलेली सापडली. दिवाळी अंकांचंही तसंच. नोव्हेंबरात एकेका अंकासाठी आठ-आठ जण थांबलेले असतात आणि अंक कोणाकडे आहे यावरून दरवर्षी रुसवेफुगवे व्हायचे. आता अंकालाही बारकोड आहे, नंबर लावलेल्यांची यादी संगणकात आहे, आणि खिडकीशी आवाज चढत नाही.

आरएफआयडीबद्दल बरेच जण विचारतात. प्रत्येक पुस्तकात चिप, दारात गजर देणारी फाटकं. मोठ्या ग्रंथालयात त्याचा उपयोग नक्की असेल. आमच्या दारातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस मला नावाने माहीत आहे. साडेअठरा हजार चिपांच्या पैशांत दोन वर्षांची पुस्तकखरेदी होते, म्हणून मंडळात मी स्पष्ट नको म्हटलं.

त्याऐवजी साडेतीनशे रुपयांचं एक यंत्र घेतलं, ज्याच्यावर माझा फार जीव आहे: हवेतली आर्द्रता दाखवणारा डिजिटल हायग्रोमीटर. चार घेतले, चार भिंतींना लावले. असली स्वस्त यंत्रं खरं सांगतात का, याची घरगुती चाचणी आहे. बाटलीच्या बुचात मीठ घ्यायचं, ओलसर होईल इतकंच पाणी घालायचं, ते आणि यंत्र एका घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवायचं. आत आर्द्रता ७५ टक्क्यांवर येते. आमचं एक ७९ दाखवत होतं, त्याच्यावर 'चार वजा करा' अशी चिठ्ठी चिकटवली. जुलैत पश्चिमेच्या भिंतीवर ९१ दिसलं, आतल्या भिंतीवर ७८. आमच्याकडे पाऊस समुद्रावरून येऊन पश्चिमेच्या भिंतीलाच झोडपतो आणि शंभर वर्षांपूर्वीची सगळी पुस्तकं नेमकी त्या भिंतीला टेकून उभी होती. बुरशी दरवर्षी तिथेच का येते, याचं उत्तर आकड्यांत समोर होतं. दोन दिवस लागले, पण ती कपाटं आत हलवली, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवली. गेल्या पावसाळ्यात ब्रशने पुसावी लागली ती पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

सगळ्यांत वाईट दिवस दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टातला. वीज सारखी जात-येत होती, यूपीएसची बॅटरी थकलेली होती आणि सकाळी सर्व्हर, म्हणजे कोहा असलेला मुख्य संगणक, सुरूच झाला नाही. हार्ड डिस्क गेली. मी सगळ्यांना धीर देत होते, कोहा रोज रात्री आपोआप बॅकअप घेतो, काळजी करू नका म्हणून. मग सरांनी विचारलं, बॅकअप कुठे ठेवता? त्याच डिस्कवर. माझे हातपाय गार पडले. वाचलो ते एका पेन ड्राइव्हमुळे. मार्कएडिटचं काम घरी करायला म्हणून मी नऊ दिवसांपूर्वी पूर्ण प्रत नेली होती. नऊ दिवसांची देवघेव गेली. ती आम्ही पुस्तकांतल्या तारीखपट्ट्यांवरून, सभासदांना फोन करून पुन्हा भरली. तारीखपट्टीवर शिक्का मारायची पद्धत बंद करावी, असं मंडळात ठरत आलं होतं. मी ती बंद केली नाही आणि करणार नाही. आता बॅकअप रोज दुसऱ्या संगणकावर जातो, आठवड्याला एक प्रत बाहेरच्या डिस्कवर होते आणि ती डिस्क कार्यवाहांच्या घरी असते. महिन्यातून एकदा ती प्रत उघडून पाहतो, कारण उघडत नसलेला बॅकअप असून नसल्यासारखा. दाखल नोंदवही अजून हातानेच लिहितो.

शेवटचं यंत्र आम्ही विकत घेतलंच नाही. गेल्या जूनपासून एक दृष्टिहीन मुलगा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला येतो. त्याची आई त्याला वाचून दाखवायची. त्याने विचारलं, "मॅडम, तुमच्या संगणकावर एनव्हीडीए आहे का?" पडद्यावरचं वाचून दाखवणारं हे मोफत सॉफ्टवेअर, ऑस्ट्रेलियातल्या एका दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेलं. त्यानेच आम्हाला ते बसवायला शिकवलं. आवाज यांत्रिक आहे, पण मराठी वाचतो. सुगम्य पुस्तकालय या दृष्टिहीनांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयाची माहितीही त्याच्याकडूनच कळली. आमच्याकडच्या काही टिपणांच्या पानांचे फोटो काढून टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने त्यांचा मजकूर बनवून दिला. नवी छपाई छान येते, जुन्या खिळाछपाईतली जोडाक्षरं मात्र हाताने सुधारावी लागतात.

एक दिवस तो आमची ग्रंथयादी शोधत होता आणि मी शेजारी उभी होते. त्याने हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावली. मी बावीस वर्षं ज्या पद्धतीने नोंदी करत आले, ती नोंद मी पहिल्यांदाच ऐकली: 'आ टिंब दोन री, पृ टिंब दोनशे बारा, स टिंब.' कागदाच्या कार्डावर जागा वाचवायला ठरवलेली ती लघुरूपं. त्याने विचारलं, "स टिंब म्हणजे काय?" सचित्र.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पूर्ण शब्द लिहायला लागलो: आवृत्ती दुसरी, पृष्ठे २१२, सचित्र. आवृत्ती आणि पृष्ठांचं काम मार्कएडिटने झटकन झालं, पण नुसता 'स.' कुठे सचित्र आहे आणि कुठे संपादक आहे, हे यंत्राला ओळखता येत नाही, ते पुस्तक उघडूनच पाहावं लागतं. रोज दुपारी दोन ते तीन, देवघेव बंद असताना, मी आणि निर्गम सहायक मुली तेवढंच करतो. काल दाखल क्रमांक ६,३४० पर्यंत पोचलो.